नंबर वन कोण आणि पैसा कोणाकडे? स्मार्टफोनमधला बाजारहिस्सा आणि नफा

वसुधा_रामबाग

दर तीन महिन्यांनी बातमी येते की अमकी कंपनी पहिली आली आणि तमकी घसरून तिसऱ्यावर गेली. मग चर्चा सुरू होते, आणि जो पहिला तो जिंकला असं धरूनच सगळे बोलतात. मी इथे इंदूरला कॉमर्सच्या मुलांना शिकवते. दर वर्षी नवी बॅच हीच समजूत घेऊन येते, म्हणून यावर एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

बाजारहिस्सा म्हणजे विकल्या गेलेल्या शंभर फोनांपैकी तुमचे किती. त्या फोनांवर तुमच्याकडे काय उरलं हे तो सांगत नाही. काउंटरपॉइंट या बाजार-संशोधन कंपनीच्या हिशेबाने २०२२ साली जगातल्या फोनांच्या संख्येत ॲपलचा वाटा साधारण १८ टक्के होता, एकूण विक्रीच्या रकमेत ४८ टक्के आणि ऑपरेटिंग नफ्यात, म्हणजे धंदा चालवण्याचा खर्च वजा जाता जे उरतं त्यात, ८५ टक्के. म्हणजे बाकी सगळ्यांनी मिळून पाचांतले चार फोन विकले आणि उरलेला १५ टक्के नफा आपसांत वाटून घेतला.

असं का होतं ते वर्गात मी साध्या गणितानं दाखवते. आकडे कल्पित आहेत. एका कंपनीनं १२ हजारांचा फोन ५ टक्के नफ्यावर विकला, तिला ६०० रुपये सुटले. दुसरीनं ८० हजारांचा फोन ३० टक्क्यांवर विकला, तिला २४ हजार सुटले. दुसरीच्या एका फोनाएवढं कमवायला पहिलीला ४० फोन विकावे लागतात. आणि त्या चाळीसांची वॉरंटी, सर्व्हिस सेंटर, वाहतूक आणि परत आलेला माल हे सगळंही तिलाच सांभाळायचं असतं.

आता आपल्याकडचं उदाहरण. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत कॅनॅलिस या दुसऱ्या संशोधन कंपनीनं भारतात आपल्या देशी मायक्रोमॅक्सला २२ टक्के आणि सॅमसंगला २० टक्के हिस्सा दिला. सॅमसंगनं तो आकडा मानला नाही, पण देशभर मथळे झाले. ह्यू जॅकमनसारखा नट त्यांची जाहिरात करत होता. काही वर्षांतच ही कंपनी पहिल्या पाचांतही उरली नाही. तिचे फोन बहुतेक चीनमधल्या तयार डिझाइनवरून बनवून घेतलेले. जुलै २०१४ मध्ये चीनची शाओमी आली आणि दुकानाची साखळी गाळून इंटरनेटवरून थेट विकू लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि ४जी नसलेल्या मालाला रातोरात कोणी विचारेना. अशा वेळी तग धरायला हाताशी पैसा लागतो, आणि पातळ मार्जिनवर, म्हणजे थोड्या टक्के नफ्यावर, धंदा करणाऱ्याकडे तोच नसतो.

म्हणून मला वाटतं, या धंद्यात नुसता हिस्सा भाड्याच्या घरासारखा आहे. मालकीचं काहीतरी हवं. स्वतःची चिप, स्वतःची प्रणाली, स्वतःचं ॲप स्टोअर, पेटंट, किंवा लोक ज्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात असं नाव. ते नसेल तर आज मिळालेला हिस्सा उद्या दुसरा कोणीतरी पाचशे रुपये कमी करून घेऊन जातो.

मंदारभाऊ, तुमचं दुकान जेल रोडवर आहे. काउंटरवरून हे कसं दिसतं ते लिहा.

मंदार_जेलरोड

वसुधाताई, आधी एक गोष्ट सांगतो, कारण बातम्यांत ती कधी नीट येत नाही. हे जे हिश्श्याचे आकडे छापून येतात ते बहुतेक शिपमेंटचे असतात. माल कंपनीतून निघून डिस्ट्रीब्यूटरकडे, दुकानदाराकडे पोचला की तो धरला जातो. गिऱ्हाइकानं विकत घेतला की नाही हा वेगळा हिशेब. पहिल्याला आम्ही सेल-इन म्हणतो, दुसऱ्याला सेल-आउट.

तिमाही संपत आली की डिस्ट्रीब्यूटरचा माणूस येऊन बसतो. आणखी पन्नास पीस घ्या, स्कीम देतो, टार्गेट पूर्ण झालं की वरून इन्सेन्टिव्ह. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर, ठरलेलंच. कंपन्या माल ढकलून राहिल्यात आणि तोच माल पेपरात बाजारहिस्सा म्हणून छापून येतो. प्रत्यक्षात तो आमच्या कपाटात असतो. पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतं, जुन्याची किंमत पडते. फरकाची क्रेडिट नोट देऊ, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या खाती जमा करू, म्हणतात. एका कंपनीची नोट माझ्याकडे इतकी रखडली की शेवटी मी त्यांचा माल घेणंच थांबवलं. ती कंपनी त्या वर्षी हिश्श्यात वर होती.

दुसरं. फोन विकून दुकान चालत नाही. टक्क्यांत पाहिलं तर महाग फोनावर आम्हाला सगळ्यात कमी सुटतं. दुकान चालतं ते कव्हर, टेम्पर्ड ग्लास, चार्जर, इअरफोन आणि फायनान्सवर. गिऱ्हाईक फोनासाठी पायरी चढतं, कमाई बाजूच्या काउंटरवर होते. कंपन्यांचंही तेच असणार असं मला कायम वाटत आलंय.

तरी एका बाबतीत हिस्सा मला हवाच आहे. ज्या मॉडेलची विक्री जास्त, त्याचं कव्हर मिळतं, डिस्प्ले मिळतो, रिपेअरवाल्याचा हात बसलेला असतो. कमी खपाच्या कंपनीचा फोन चांगला असला तरी सहा महिन्यांनी त्याची काच मागवायला दिल्लीला फोन करावा लागतो. म्हणून गिऱ्हाइकाला मी चालणारं मॉडेलच सुचवतो.

शलाका_सीए

मंदारदादा, बाजूच्या काउंटरचं तुम्ही बोललात ते शाओमीच्या ताळेबंदात तसंच्या तसं सापडतं.

२०१८ च्या एप्रिलमध्ये, हाँगकाँगला शेअर बाजारात येण्याआधी, शाओमीचे संस्थापक लेई जून यांनी जाहीर केलं होतं की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर कधी जाऊ देणार नाही. गुंतवणूकदाराला हे ऐकून धक्का बसावा. पण २०२४ चे आकडे बघा. स्मार्टफोनची विक्री १९१.८ अब्ज युआन, त्यावर ढोबळ नफा, म्हणजे माल बनवण्याचा थेट खर्च वजा जाता उरलेला, १२.६ टक्के. इंटरनेट सेवा, म्हणजे फोनात दिसणाऱ्या जाहिराती, ॲप स्टोअर, गेम वगैरे, यांची विक्री फक्त ३४.१ अब्ज युआन, पण त्यावर ढोबळ नफा ७६.६ टक्के. गुणाकार केला तर फोनांमधून साधारण २४ अब्ज आणि सेवांमधून २६ अब्ज. सेवांची विक्री फोनांच्या पाचव्या हिश्श्याहून कमी, आणि ढोबळ नफा फोनांपेक्षा जास्त.

तेव्हा शाओमीला हिस्सा हवा असतो तो उगाच नाही. प्रत्येक स्वस्त फोन म्हणजे जाहिरात दाखवायची एक जागा. ज्या नोटिफिकेशन आपण वैतागून बंद करतो, त्यांतूनच त्या फोनाची किंमत कमी ठेवणं परवडतं.

ॲपलचंही चित्र ठेवते. २०२४ च्या आर्थिक वर्षात आयफोनची विक्री सुमारे २०१ अब्ज डॉलर, सेवांची ९६ अब्ज. वस्तूंवर ढोबळ नफा ३७ टक्के, सेवांवर ७४ टक्के. फरक इतकाच की ॲपलचं मार्जिन दोन्हीकडे जाड आहे, शाओमीचं फक्त सेवांवर. नोव्हेंबर २०१८ मध्ये ॲपलनं किती आयफोन विकले हे सांगणंच बंद केलं. बाजारानं तेव्हा शेअर आपटला. त्यानंतर विश्लेषक हळूहळू सेवांच्या आकड्यांकडे बघायला लागले.

वसुधाताई, नफ्याच्या वाट्याच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी हवी. विवो आणि ओप्पो शेअर बाजारात नाहीत, त्यांचे जगभराचे हिशेब उघड होत नाहीत. त्यामुळे ८५ टक्के हा अंदाज आहे, ऑडिट झालेला आकडा नाही. शिवाय एखादी कंपनी तोट्यात असेल तर ती बेरजेतून वजा होते. २०१६ मध्ये ॲपलचा नफ्यातला वाटा १०० टक्क्यांच्या वर गेल्याचं छापून आलं होतं ते त्यामुळेच. आकडा खोटा नव्हता, पण समजून न घेता वाचला की दिशाभूल होते.

निखिल_सुपरकॉरिडॉर

मला इथे हिश्श्याची बाजू घ्यायची आहे.

मी ॲप बनवतो. आमचं एक काम इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासेससाठी आहे. तिथे शिकायला येणारी मुलं खरगोन, धार, झाबुआ, बडवानीकडची. त्यांच्या हातात काय असतं? दहा-बारा हजारांचा अँड्रॉइड. घरी आई-वडिलांकडे त्याहून जुना. जगाचा ८५ टक्के नफा कोणाकडे जातो यानं माझ्या कामात काडीचा फरक पडत नाही. माझं ॲप ४ जीबी रॅमवर चालत नसेल तर ते क्लासवाल्यांच्या कामाचं नाही. आयफोनसाठीची आवृत्ती आम्ही नंतर केली, तीही संचालकांनी मागितली म्हणून.

भारतात अँड्रॉइड ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. बँका, रेल्वे, यूपीआय, सरकारी योजना, सगळ्यांना आधी तिथेच पोचावं लागतं. लोकांच्या आयुष्यात तंत्रज्ञान किती उतरलं हे हिस्साच सांगतो. नफ्याचा तक्ता तेवढाच पाहिला तर झाबुआचा मुलगा त्यात दिसतच नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पराग_बडोदा

निखिल, बरोबर. पण ते ९५ टक्के कोणाचे? फोन बनवणाऱ्यांचे नाहीत, गूगलचे आहेत. सीसीआयनं, म्हणजे आपल्या स्पर्धा आयोगानं, ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला तो याच ताकदीबद्दल. प्ले स्टोअर हवं असेल तर बाकीची ॲपही आधीच टाका, सर्च पुढे ठेवा, अशा अटी फोन कंपन्यांवर होत्या.

गूगलवरच्या अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलेली गोष्ट तर याहून बोलकी आहे. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगल हे ठरलेलं सर्च राहावं म्हणून २०२२ या एका वर्षात गूगलनं ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. जगातल्या दहापैकी सात फोनांवर ज्याची प्रणाली आहे, तो कमी हिस्सा असलेल्याला पैसे देतो. का, तर त्या थोड्या फोनांचे मालक जास्त खर्च करणारे आहेत आणि जाहिरातदाराला तेच हवेत. शंभरात तुमचे किती, याबरोबर कोणते शंभर हेही विचारावं लागतं.

देवयानी_स्नेहलतागंज

सगळं वाचलं. माझा प्रश्न घरगुती आहे. आईसाठी फोन घ्यायचा आहे, बजेट पंधरा हजार. कंपनीला नफा होतो की तोटा, याच्याशी माझा काय संबंध? मला स्वस्त मिळाला तर चांगलंच ना?

निखिल_सुपरकॉरिडॉर

देवयानीताई, संबंध अपडेटचा आहे. फोन विकल्यावर त्याची सुरक्षा वर्षानुवर्षं सांभाळायला इंजिनिअर लागतात, आणि त्यांचा पगार नफ्यातून निघतो. गूगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला सात वर्षांचा शब्द दिला. २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ ची प्रणाली मिळाली. स्वस्त फोनांना पुष्कळदा दोन वर्षांवर काही मिळत नाही. आईंच्या फोनात बँक असणार, यूपीआय असणार. तेव्हा घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार हे कंपनीच्या साइटवर बघा आणि मगच घ्या.

मंदार_जेलरोड

आणि सर्व्हिस सेंटर इंदूरमध्ये आहे का ते विचारा. भोपाळला पाठवतो म्हणाले तर घेऊ नका.

आबा_राजेंद्रनगर

मी इंदूरजवळच्या पीथमपूरला कारखान्यात आयुष्य काढलं, त्यामुळे थोडं वेगळं विचारतो. वसुधा, तू हिस्सा आणि नफा असे दोन रकाने केलेस. नोकिया कुठल्या रकान्यात टाकशील? २००७ च्या अखेरीस जगातल्या मोबाइलांपैकी सुमारे ४० टक्के त्यांचे, आणि मार्जिनही २० टक्क्यांच्या वर. दोन्ही होतं. तरी सप्टेंबर २०१३ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला ५.४४ अब्ज युरोंना देण्याचा करार करावा लागला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या खरेदीपोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. नफा असणं हे जर संरक्षण असेल तर ते नोकियाला का मिळालं नाही?

वसुधा_रामबाग

आबा, नोकियाचा नफा कशावर उभा होता हे पाहिलं की उत्तर मिळतं. प्रचंड संख्या, त्यामुळे स्वस्त सुटे भाग, आणि जगभर पोचणारी वितरणव्यवस्था. म्हणजे तो नफा हिश्श्यातूनच आलेला होता. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडलं, त्याच वर्षी पहिला अँड्रॉइड फोन आला. त्यानंतर लोक फोन निवडताना त्यावर काय चालतं हे बघू लागले. नोकियाच्या सिंबियन या प्रणालीत ते नव्हतं. हिस्सा सुटला तसा त्यावर उभा असलेला नफाही गेला.

पण एक गोष्ट नोकियानं हातची जाऊ दिली नाही, ती म्हणजे पेटंट. मायक्रोसॉफ्टला धंदा दिला तेव्हा पेटंटचा फक्त परवाना दिला, मालकी स्वतःकडे ठेवली. आज नोकिया स्वतः एकही फोन बनवत नाही, तरी पेटंटच्या परवान्यांमधून त्यांना वर्षाला एक अब्ज युरोंच्या वर मिळतात. फोनमध्ये हिस्सा शून्य, आणि दुसऱ्यांच्या फोनांवर कमाई.

याच्या उलट एलजी. माझ्याकडे त्यांचा फोन होता, आणि २०१६ च्या जी५ मध्ये त्यांनी जो वाइड कॅमेरा दिला तो पुढे सगळ्यांनी घेतला. कल्पना चांगल्या, माल चांगला. पण जवळपास सहा वर्षं सलग तोटा, एकूण साडेचार अब्ज डॉलरच्या घरात, आणि एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी मोबाइल बंद करत असल्याचं जाहीर केलं. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. चांगली वस्तू करणाऱ्याला बाजार टिकू देतोच असं नाही.

शलाका_सीए

सॅमसंगबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण ते कुठल्याच साच्यात बसत नाही. २०११ पासून बारा वर्षं संख्येत पहिलं, आणि २०२३ मध्ये ॲपलनं आयडीसी या संशोधन कंपनीच्या मोजणीत ती जागा घेतली. पण सॅमसंग स्वतः मेमरी चिप आणि डिस्प्ले बनवतं. आयफोन एक्सपासून ॲपलही त्यांच्याकडून ओएलईडी पडदे घेत आलंय. प्रतिस्पर्ध्याचा फोन खपला तरी यांच्या कारखान्याला काम मिळतं.

२०१८ मध्ये कंपनीच्या ५८.८९ लाख कोटी वॉन नफ्यातले ४४.५७ लाख कोटी चिपमधून आले, मोबाइल विभागातून दहाच. २०२३ मध्ये चित्र उलटलं. चिपमध्ये १४.८८ लाख कोटींचा तोटा, आणि मोबाइलनं १३ लाख कोटी कमावून कंपनीला तारलं. त्यांच्यासाठी फोनातला हिस्सा म्हणजे स्वतःच्या चिपला घरचं गिऱ्हाईक. हा हिस्सा मला भाड्याचा वाटत नाही.

आबा_राजेंद्रनगर

शलाका, हे पटलं. आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी मी लिहायला बसलो.

हाच प्रश्न देशाला लावून बघा. २०२० मध्ये केंद्राची पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची, योजना आली, जास्तीच्या विक्रीवर ४ ते ६ टक्के प्रोत्साहन. आता आयफोन तामिळनाडूत आणि कर्नाटकात जुळतात, तैवानचं फॉक्सकॉन जुळवतं, टाटा जुळवतात. अभिमानाची गोष्ट आहे. पण जुळणी करणाऱ्याला मिळतं काय? फॉक्सकॉन जगातले बहुतेक आयफोन बनवतं आणि त्यांचा ढोबळ नफा ६ टक्क्यांच्या आसपास राहतो. फोन जुळवणाऱ्या आपल्या डिक्सन कंपनीचं ऑपरेटिंग मार्जिन ४ टक्क्यांच्या जवळ. फोन जुळवण्यातला भारताचा हिस्सा वाढतोय, नफ्यातला वाटा कुठे वाढतोय?

पराग_बडोदा

आबा, मग जुळणी करूच नये असं म्हणायचंय का तुम्हाला? त्यातून मिळणाऱ्या नोकऱ्या तरी आहेत. फॉक्सकॉनच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात किती मुली काम करतात.

आबा_राजेंद्रनगर

नाही पराग, उलट म्हणतोय. ऐंशीच्या दशकात पीथमपूरला आधी गाड्या जुळवणाऱ्या कंपन्या आल्या. आयशरचे ट्रक मित्सुबिशीच्या तंत्रावर, बजाज टेम्पो, कायनेटिक. सुरुवातीला किती भाग बाहेरून यायचे ते मी पाहिलंय. संख्या वाढली तेव्हा शेजारी गिअर करणारे आले, फोर्जिंगवाले आले, रबराचे भाग करणारे आले. आमचीही कंपनी त्यांतलीच. गाड्याच नसत्या तर आमच्याकडून गिअर कोणी घेतले असते? त्यामुळे हिस्सा आधी येतो आणि नफ्याचं काम मागून येऊ शकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पण ते आपोआप झालं नाही. साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या टूल रूम उभ्या राहिल्या, आयटीआयची मुलं घडवली गेली, कंपन्यांनी पुरवठादारांना ड्रॉइंग दिली, नमुने नापास करकरून शिकवलं. फोनाच्या बाबतीत हा भाग अजून व्हायचा आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रानं सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली. डिस्प्ले मॉड्यूल, कॅमेरा मॉड्यूल, सर्किट बोर्ड, बॅटरीचे सेल त्यात आहेत. पुढची पाच वर्षं कुठला ब्रँड पहिला आला हे मी बघणार नाही. मला बघायचंय की इथे जुळणाऱ्या फोनात इथे बनलेले भाग किती आहेत, आणि कॅमेऱ्याचं मॉड्यूल करणारा एखादा कारखाना आपल्या पट्ट्यात येतो का. निखिल, तुझ्या कोचिंगच्या मुलांपैकी कोणी टूल डिझाइनकडे वळायला तयार असेल तर त्याला माझ्याकडे पाठव. मी शिकवायला तयार आहे.

निखिल_सुपरकॉरिडॉर

आबा, दोघं आहेत. एक धारचा, एक मनावर गावचा. रविवारी सकाळी घेऊन येतो.